एका पायावरचा पक्षी

रफू आणि भक्ती ही दोन्ही एकाच जातीची कामं. दिसली की फसली. भक्त चारचौघांत डोळे मिटून डोलायला लागला की देव हळूच काढता पाय घेतो. तसंच रफू केलेल्या जागी बोट ठेवून गिऱ्हाईक "वा, इथेच होतं ना भोक" म्हणालं, की रफूवालीने समजावं, आज हात चुकला. जुन्या कापडबाजाराच्या जिन्याखाली दीड खाटेएवढी खोली होती. तिथे बसणाऱ्या रफूकाकूंना ही विद्या त्यांच्या सासूबाईंनी लाकडी पट्टी हातात घेऊन शिकवली होती. जे होतं तेच परत आणायचं, स्वतःची अक्कल पाजळायची नाही. आणि धागा बाहेरून आणायचा नाही. त्याच कापडाची दुमड उलगडून, आत लपलेल्या काठातून ओढून काढायचा. म्हणजे रंग जुळतो, पीळ जुळतो आणि वयही जुळतं.

हे वय जुळण्याचं प्रकरण पुढे काकूंच्या चांगलंच अंगाशी येणार होतं, पण ते यथावकाश.

चाळीस वर्षांच्या कामात काकूंनी सासूबाईंचा नियम एकदाच मोडला, आणि त्याला कारण वन्सं. वन्सं म्हणजे काकूंची नणंद. वयाने पाच वर्षांनी मोठी, आवाजाने पंधरा. तीस वर्षांपूर्वी त्या भावाकडे चार दिवसांसाठी राहायला आल्या. भाऊ देवाघरी गेला त्यालाही आता वीस वर्षं झाली, पण वन्संचे चार दिवस अजून संपायचे होते. आल्या त्याच आठवड्यात त्यांनी भावजयीला मदत करायचं मनावर घेतलं. काकू बाहेर गेलेल्या असताना त्यांनी दुरुस्तीला आलेली एक शाल स्वच्छ केली. म्हणजे तिच्या उलट्या बाजूला जी जी धाग्यांची टोकं लोंबत होती ती सगळी मुळापासून कात्रीने छाटली. काकूंचं तीन आठवड्यांचं काम शाल झटकल्याबरोबर सुटून भुईवर आलं. वर वन्संनीच ऐकवलं की असं अर्धवट सोडायची सवय बरी नव्हे.

आता हे लोंबणारं टोक काय, तर रफूवाली गाठ मारत नाही. काम संपलं की मागच्या बाजूला गव्हाच्या दाण्याएवढं टोक मोकळं सोडते. आपलं काम काही या कापडावरचं शेवटचं नव्हे. उद्या कुणा दुसरीला ते उसवायची पाळी आली तर तिने एक टोक ओढावं आणि सगळं अलगद मोकळं व्हावं. मागून येणाऱ्या बाईची ही सोय. वन्संनी ती सोयच कापली होती.

नेमकं त्याच दिवसांत एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याचं कापड काकूंच्या मांडीवर होतं. गर्द लाल, सुती, आठ हात लांब, त्यावर पांढऱ्या-निळ्या वेली आणि चार कोपऱ्यांत चार पानं. त्यातलं एक पान कसरीने खाल्लेलं, तळहाताएवढं भोक. व्यापाऱ्याच्या घरात सांगत की हे कापड समुद्रापार जाऊन परत आलेलं आहे. बाजारात मात्र कुणाचा विश्वास नव्हता, कारण व्यापाऱ्यांच्या घरातलं ताट-तांब्यासुद्धा समुद्रापार जाऊन आलेलं असतं. म्हाताऱ्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. तो म्हणाला, भरून टाक, मला काय दिसतंय.

काकू पान विणायलाच बसल्या होत्या, याला देव साक्षी आहे. पण समोर दारात वन्सं उभ्या होत्या. वन्संची उभं राहायची एक तऱ्हा होती. एक पाय उंबऱ्यावर, दुसरा उचलून पहिल्याच्या पोटरीवर घासत; मान समोरच्या खिडकीत शिरेल इतकी लांब; तोंड अर्धं उघडं; आणि डावा डोळा किंचित मिटलेला. समोरचा खोटं बोलतोय असा संशय आला की तो डोळा मिटायचा, आणि संशय त्यांना बारा महिने असायचा. भोकावर उभे लाल धागे आधीच ताणून झाले होते. काकूंनी सुईत निळा धागा ओवला. पानाचा देठ म्हणून जी रेघ ओढली तिचा पाय झाला. मग मान आली, ती येतच राहिली. संध्याकाळपर्यंत वेलीच्या टोकाला एका पायावर एक पक्षी उभा होता आणि डावा डोळा मिटून सगळ्या जगाकडे संशयाने बघत होता. काकूंचा राग कुठल्या कुठे पळाला. हसू मात्र पुढे आठवडाभर पुरलं.

म्हाताऱ्याने कापडावरून हात फिरवला, कुठे उंचवटा लागला नाही, खूश झाला. कापड पेटीत गेलं. पुढे म्हाताराही गेला. त्याच्या वारसांनी जुनं सामान काढलं तेव्हा ते कापड बाजाराच्या वरच्या मजल्यावर आलं. पूर्वी तिथे कापडाचे गठ्ठे रचत, आता वस्त्रसंग्रहालय होतं. म्हणजे काकूंनी विणलेला पक्षी काकूंच्याच डोक्यावर, बरोबर बावीस पायऱ्यांवर, काचेच्या पेटीत राहायला आला. तिथे चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'लाल कापड'. कुणी ढुंकून बघत नव्हतं. काकू समाधानात होत्या.

मग संशोधकबाई आल्या.

वयाने तिशीतल्या, चालण्याऐवजी धावणाऱ्या, चष्मा डोक्यावर सरकवून तोच चष्मा सगळीकडे शोधणाऱ्या. पण मनाच्या निर्मळ. आल्या दिवशी त्यांनी जिन्याखाली डोकावून विचारलं की तुम्हीच त्या रफूवाल्या काकू ना, आणि खालीच फतकल मारून बसल्या. जुन्या काळी कापडाचा व्यापार कसा चाले हे त्या सांगू लागल्या की ऐकणाऱ्याचा चहा गार होई. कापड हाच पैसा होता, म्हणाल्या. इतक्या हात कापडाला इतकी पोती लवंग, इतक्या गठ्ठ्यांना एक घोडा. पलीकडच्या बेटांवरची माणसं स्वतः झाडांच्या खोडातून धागे काढून विणायची. त्यांना इथल्या सुताचं आणि या पक्क्या लाल रंगाचं भारी अप्रूप. ते कापड ती अंगावर घालायचीच नाहीत. आढ्याला बांधून ठेवायची आणि मूल जन्मलं, माणूस गेलं, की उतरवायची. लाल किती हवा, वेल केवढी हवी, हे तिकडून सांगून पाठवायची, आणि इथली माणसं, ज्यांनी समुद्र कधी डोळ्यांनी बघितला नाही, ती माना खाली घालून तसं विणायची.

काकूंना हे फार आवडलं. न दिसणाऱ्यासाठी काम करायचं म्हणजे काय, हे त्यांना सांगावं लागत नव्हतं.

संशोधकबाईंना एकच गोष्ट हवी होती: ते लाल कापड खरोखर पलीकडे जाऊन परत आलं याचा पुरावा. कागदपत्रं वाळवीने खाल्ली होती. दोन वर्षं त्या तेवढ्यासाठी झुरत होत्या. आणि एका सकाळी वरून अशी काही धावाधाव ऐकू आली की काकूंना वाटलं, जिना कोसळतोय. बाई खाली आल्या त्या काकूंचा हात धरूनच त्यांना वर घेऊन गेल्या. काचेची पेटी उघडली होती. भिंगाखाली पक्षी होता.

बाई सांगू लागल्या. हा पक्षी इकडचा नाही. इतकी लांब मान, एका पायावर उभा, एक डोळा मिटलेला. हा त्या बेटांवरच्या पाणथळीतला पक्षी असणार. म्हणजे विणकर स्वतः जहाजावर गेला, पक्षी बघितला आणि कापडावर उतरवला. कापड गेलं, विणकर गेला, दोघं परत आले.

काकूंच्या हातात कुणीतरी चहाचा पेला दिला होता. त्यातला घोट नाकातून बाहेर आला. व्यवस्थापकांनी लगबगीने पेटीवर हात धरला. हे व्यवस्थापक म्हणजे कमरेला किल्ल्यांचा जुडगा आणि चेहऱ्यावर कायम आत्ताच काहीतरी सांडल्यासारखी काळजी.

तिथेच काकूंनी खरं सांगायला हवं होतं. पण सासूबाईंचा आणखी एक दंडक होता: कुणाच्या कापडाला कुठे भोक होतं हे मेलं तरी तोंडातून काढायचं नाही. वैद्याने रोग्याचं जसं झाकावं तसं रफूवालीने गिऱ्हाइकाचं झाकावं. काकूंनी तो दंडक आठवला. खरं सांगायचं तर त्या क्षणी तो त्यांना जरा जास्तच आठवला. आणि दुसरीही एक बाजू होती. पक्षी माझा म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: कुठला बघून काढला? आणि घरी वन्सं होत्या.

बाईंनी पक्ष्याचे दोन तंतू तपासायला प्रयोगशाळेत पाठवले. महिन्याने उत्तर आलं की धागा तीनशे वर्षांचा. वरचा मजला आनंदाने दणाणला. खाली काकू सुईत दोरा ओवता ओवता थांबल्या. दुमडीतून काढलेला धागा. तो तीनशे वर्षांचाच निघणार, दुसरं काय. सासूबाई, म्हणाल्या त्या मनात, तुमचं सगळं खरं हो, पण एवढं खरं नको होतं.

एकदा हे झाल्यावर मात्र काकूंच्या अंगात खोडी शिरली. माणूस कितीही देवभोळा असला तरी एवढी आयती गंमत सोडवत नाही. त्या काही ना काही निमित्त काढून वर जाऊ लागल्या आणि भोळा चेहरा करून विचारू लागल्या. बाई, हा एकाच पायावर का हो उभा? बाई वहीत लिहीत, दुसरा पाय चिखलात गारठू नये म्हणून. आणि डोळा का मिटलाय? बाईंनी तीन पुस्तकं चाळली. काही पक्षी अर्धे झोपतात, अर्धे जागे राहतात. काकू म्हणाल्या, खरंय, आमच्या बघण्यातही आहेत तसे.

आणि वन्सं? वन्संना बातमी लागायला अर्धा दिवसही लागला नाही. त्या बावीस पायऱ्या गुडघे धरत चढल्या, आणि काचेसमोर उभ्या राहिल्या. काकूंची पाचावर धारण बसली. कारण काचेच्या आत एका पायावर पक्षी उभा होता आणि काचेच्या बाहेर, सवयीने, एका पायावर वन्सं. दोघांची मान एकाच बाजूला कललेली. व्यवस्थापक एकदा इकडे बघायचे, एकदा तिकडे, आणि आपल्याला काय आठवतंय ते त्यांना आठवत नव्हतं. शेवटी वन्सं एवढंच म्हणाल्या की पक्षी रुबाबदार आहे. तेव्हापासून त्या रोज दुपारी वर जाऊ लागल्या. त्यांनी व्यवस्थापकांकडून एक स्टूल मिळवलं. बघायला येणाऱ्यांना त्याच पक्षी दाखवायच्या, लांबून बघा म्हणायच्या, काचेवर बोटं उमटवू नका म्हणायच्या. घरी आल्यावर म्हणायच्या, "वहिनी, ज्याने कुणी विणला ना, त्याची नजर फार बारीक होती हो." काकू कणीक मळत असल्या तर आणखी जोरात मळायच्या.

असंच चाललं असतं तर कुणाचं काही बिघडणार नव्हतं. पण गुरुवारी प्रदर्शन उघडायचं ठरलं, बाहेरगावचे जाणकार येणार ठरलं, आणि सोमवारी सकाळी संशोधकबाई एक काम घेऊन खाली आल्या.

त्या कापडाच्या एका काठाला, पक्ष्यापासून वीतभर अंतरावर, ओळीने सात फुलं होती. फुलं म्हणजे नावाला. जाड पिवळट धाग्याची, वेडीवाकडी, चवलीच्या नाण्याएवढी. बाई म्हणाल्या, कधीतरी कुणीतरी सुतळीसारख्या कशाने तरी हे ठिगळकाम केलंय. नंतरचं आहे, बेढब आहे, पक्ष्याच्या शेजारी डोळ्यांना खुपतं. तेवढी उसवून द्या. तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाचा हात मी त्या कापडाला लागू देणार नाही.

काकूंच्या हातातली सुई पडली. त्या चाचपून शोधत राहिल्या, पण डोळ्यांसमोर सुई नव्हती.

कारण काकूंनी ती फुलं तीस वर्षांपूर्वी पाहिली होती, आणि पाठीमागून पाहिली होती. चुलीच्या ठिणग्या उडून पडावीत तशी सात बारीक भोकं कुणीतरी भरली होती. धागा आपल्याकडचा नव्हता. टाका डावीकडून उजवीकडे गेला होता. म्हणजे बाई डावखुरी. आणि प्रत्येक फुलाच्या मागे, गाठ न मारता, गव्हाएवढं एकेक टोक मोकळं सोडलेलं होतं. ते बघून तेव्हा काकूंच्या अंगावर काटा आला होता. कोण कुठली, कुठली भाषा बोलणारी, हिला सासूबाईंनी कधी शिकवलं? आणि गंमत अशी की तिनेही नियम मोडला होता. भोकाच्या जागी वेलीचा लाल-निळा माग न काढता तिने सरळ स्वतःच्या मनातली फुलं काढली होती. खरं म्हणजे पानाऐवजी पक्षी काढायचा धीर काकूंना झाला तो या फुलांकडे बघूनच. तू केलंस, मग मीही करते.

आणि आता तिचं काम उसवायचं, कशासाठी, तर वन्सं उठून दिसाव्यात म्हणून.

सोमवारी काकू म्हणाल्या, योग्य ती सुई नाही. मंगळवारी म्हणाल्या, सुई आहे, डोळे पाणावतात. बुधवारी शिंका येऊ लागल्या आणि शिंकणाऱ्या माणसाने तीनशे वर्षांच्या कापडाजवळ जाऊ नये हे व्यवस्थापकांनाही पटलं. बुधवारी संध्याकाळी मात्र संशोधकबाई हळूच म्हणाल्या की काकू, नसेल जमत तर राहू द्या, सकाळी मीच उसवीन, मला येतं थोडंफार. थोडंफार हा शब्द ऐकून काकूंची शिंक जागच्या जागी जिरली.

तेव्हा त्यांनी मनाशी हिशेब मांडला तो असा. गप्प बसलं तर झाकली मूठ तशीच राहील. वन्सं खूश, बाई खूश, आणि ती डावखुरी कायमची जाईल. बोललं तर ती वाचेल, पण बाईंच्या दोन वर्षांवर बोळा फिरेल आणि घरात वन्संबरोबर उरलेलं आयुष्य काढायचं आहे. देवाला कौल लावायची काकूंची पद्धत नव्हती. देवाला आधीच फार लोक भंडावतात. त्यांनी फक्त आपला सुयांचा डबा उशाशी ठेवला आणि सकाळी तो घेऊन वर गेल्या.

वर संशोधकबाई होत्या, हातमोजे घातलेले व्यवस्थापक होते, आणि स्टुलावर वन्सं होत्या, कारण आज त्यांच्या पक्ष्याचा मोठा दिवस होता. कापड पेटीतून काढून लांब टेबलावर पसरलेलं होतं.

"फुलं उसवायची नाहीत, बाई," काकू म्हणाल्या. "उसवायचंच असेल तर पक्षी उसवा. तो माझा आहे."

कुणालाच काही कळलं नाही. व्यवस्थापकांनी पाणी मागवायची तयारी केली. संशोधकबाई प्रेमाने हसल्या, काकूंच्या पाठीवर हात ठेवला आणि समजावलं की धागा तपासलाय, तीनशे वर्षांचा आहे.

"धागा आहेच तेवढा जुना. मी तो याच कापडाच्या दुमडीतून काढला. धागा जुना, पक्षी माझा. तीस वर्षं झाली त्याला."

त्यांनी दुमड उलगडून दाखवली. आतल्या काठात, जिथे निळ्याची एक ओळ असायला हवी होती, तिथे दातातल्या फटीसारखी रिकामी रेघ होती. बाई वाकल्या. चष्मा शोधू लागल्या. वन्संनी तो त्यांच्या डोक्यावरून काढून नाकावर ठेवला. बऱ्याच वेळाने बाई म्हणाल्या की एवढ्यावरून सिद्ध होत नाही. दुसऱ्या कुणीही, कधीही, तो धागा काढलेला असू शकतो.

काकूंनी कोपरा उलटा केला. पक्ष्याच्या मागे, डोळ्याच्या जागी, गव्हाएवढं निळं टोक होतं. त्यांनी सांगितलं की हे मी सोडलेलं टोक. बाकी वेली मागात विणलेल्या आहेत, त्या ओढून सुटायच्या नाहीत. हा सुटेल, सगळा, एकाच धाग्यात. पण एकदा सुटला की सुटला.

व्यवस्थापक मधे पडले. प्रदर्शन संध्याकाळी आहे, पत्रिका वाटून झाल्यात, पत्रिकेवर पक्षी छापलाय. संशोधकबाईंचा चेहरा कापडाच्या वेलीसारखा पांढरा झाला होता. पण माणूस सच्चं होतं हो; आधीच सांगितलं, मनाची निर्मळ. त्यांनी ओठ आवळले आणि म्हणाल्या, "ओढा."

काकूंनी एकदा वन्संकडे पाहिलं. वन्सं गप्प होत्या. तीस वर्षांत वन्सं गप्प बसलेल्या काकूंनी एकदोनदाच पाहिल्या होत्या आणि दोन्ही वेळा घरात कुणीतरी गेलेलं होतं. मग त्यांनी टोक धरलं आणि ओढलं.

आधी मिटलेला डोळा गेला. मग अर्धी उघडी चोच. मग ती मान, जेवढ्या हौसेने आली होती तेवढ्याच हौसेने, वळसे घेत, सरसर मागे गेली. पोट, शेपूट, आणि सगळ्यात शेवटी तो एक पाय. टेबलावर निळ्या धाग्याचं भेंडोळं पडलं आणि कापडाच्या कोपऱ्यात नुसते उभे लाल धागे राहिले, विणायच्या राहिलेल्या खाटेसारखे.

संशोधकबाई खुर्चीत बसल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, म्हणजे सगळंच गेलं. हे कापड कुठे गेलंच नव्हतं. बाजारातले लोक म्हणतात तेच खरं.

"कोण म्हणतं गेलं नव्हतं?" काकूंनी काठ उलटवून फुलांच्या पाठी वर केल्या आणि भिंग बाईंच्या हातात दिलं. त्यांनी बोट लावून दाखवलं: हा धागा बघा, याला पीळच नाही, हा कापूस नव्हे. ही झाडाच्या खोडातली शीर आहे. तुम्हीच खाली बसून सांगितलंत ना, तिकडची माणसं कशाने विणायची ते? ठिणग्या उडाल्या, आढ्याला बांधलेलं असेल, खाली चूल असेल. तिने घरात होता त्या धाग्याने भरलं. "बाई होती, बाई. आणि डावखुरी होती."

संशोधकबाईंनी भिंगातून एकेक फूल पाहिलं. सातव्या फुलापर्यंत पोचल्यावर त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि डोळे पुसले, आणि व्यवस्थापकांना म्हणाल्या की या धाग्याचा एकसुद्धा तंतू मी तपासायला पाठवला नव्हता, सुतळी समजून. आणि मी ही फुलं आज सकाळी कापून टाकणार होते. मग एकदम उठल्या आणि जिन्यावरून धावत सुटल्या, छापखान्याला निरोप द्यायला, प्रयोगशाळेला निरोप द्यायला, कुणाकुणाला ते त्यांनाच ठाऊक. व्यवस्थापक किल्ल्या वाजवत त्यांच्या मागे.

खोलीत दोघीच उरल्या. काकू भेंडोळं गुंडाळू लागल्या. आता ऐकून घ्यायचं, एवढं त्यांनी ठरवलं होतं.

"मला उसवलंस," वन्सं म्हणाल्या.

काकूंचा हात थांबला. त्यांनी विचारलं की तुम्हाला कळलं होतं?

"पहिल्याच दिवशी. असं उभं राहणारं दुसरं कोण आहे बाजारात? तीनशे वर्षांची म्हणाले मला सगळे, तेही ऐकून घेतलं." वन्संनी पदराने काच पुसली, काचेच्या आत काही नव्हतं तरी पुसली. "सांगितलं असतं तर तू लाजेने त्याच रात्री उसवला असतास. आयुष्यात एवढा वेळ माझ्याकडे निरखून बघितलं कुणी, वहिनी? लग्नातसुद्धा फोटोवाल्याने माझं अर्धं तोंड कापलं."

तीस वर्षं ज्या गोष्टीवर त्या गुपचूप हसत आल्या होत्या तीच गोष्ट समोरची बाई महिनाभर स्टुलावर बसून राखत होती. त्यांनी भेंडोळं छातीशी धरलं.

"मान मात्र लांब झाली होती," वन्सं म्हणाल्या. "एवढी नाहीये."

"तेवढीच आहे," काकू म्हणाल्या. इतक्या वर्षांनी खोटं बोलायचं त्यांच्या जिवावर आलं.

संध्याकाळी प्रदर्शन झालं. पत्रिकेवर पक्षी होता आणि पेटीत फुलं, तेव्हा पहिली दहा मिनिटं पाहुण्यांनी पक्षी शोधण्यात घालवली. पण मग संशोधकबाई बोलू लागल्या. समुद्राच्या त्या काठावर चुलीजवळ बसलेली एक डावखुरी बाई, आणि या काठावर जिन्याखाली बसलेली एक. दोघींमध्ये अंदाजे दोनशे वर्षं आणि सगळा समुद्र, पण दोघींनी सोडलेलं टोक गव्हाएवढंच. लोक रांग लावून भिंगातून फुलांच्या पाठी बघत होते. काकू रांगेच्या शेवटी उभ्या राहिल्या, सगळ्यांसारख्या, आणि आपली पाळी आल्यावर त्यांनी भिंगातून पाहून हलकेच मान हलवली, ओळखीच्या माणसाला हलवावी तशी.

पुढच्या आठवड्यात बाई विचारायला आल्या की त्या रिकाम्या कोपऱ्याचं काय करायचं. नियमाप्रमाणे तिथे पान यायला हवं. काकू म्हणाल्या, हो, पानच. सुईत निळा धागा ओवला, तोच. दारात सावली पडली. वन्सं उंबऱ्यावर येऊन उभ्या राहिल्या होत्या. एक पाय उचलून पोटरीवर घासू लागल्या.

तीन दुपारी त्या तशा उभ्या राहिल्या. अधूनमधून म्हणायच्या, आटप लवकर, पाय भरून आलाय. आणि मान आखूड कर. काकू म्हणायच्या, हलू नका, डोळा मिटा. संशोधकबाई स्टुलावर बसून हे सगळं वहीत लिहून घेत होत्या. चिठ्ठीत काय लिहायचं यावर मात्र थोडी वादावादी झाली. बाईंचं म्हणणं, खरं तेच लिहायचं. त्यांनी लिहिलं, 'फुलं: अंदाजे दोनशे वर्षांपूर्वीची, समुद्रापलीकडची. पक्षी: अलीकडचा.' वन्संनी ते दोनदा वाचायला लावलं. अलीकडचा, हा शब्द त्यांना फारच पसंत पडला. या वयात असं कोण म्हणतं.

शेवटच्या दुपारी पक्षी पुरा झाला. काकूंनी कापड उलटं केलं, मागे गव्हाएवढं टोक सोडलं आणि सुई डब्यात ठेवली. वन्सं वाकून बघत होत्या. डावा डोळा हळूहळू मिटला.

"वहिनी, हे एक टोक राहिलंय बघ लोंबत," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा हात कात्रीकडे गेला.